रीमॅपच्या आधीपण लोड 100 टक्के, नंतरपण 100 टक्के, मग बदललं काय? (पोलो 1.0 टीएसआय)

सिंहगडरोड_टीएसआय

नमस्कार मंडळी. गाडी पोलो 1.0 टीएसआय, 2020 चं मॉडेल, सहा गिअर मॅन्युअल, कंपनीचे आकडे 110 पीएस आणि 175 एनएम. नुकताच स्टेज वन रीमॅप (पार्ट न बदलता ईसीयूचं म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतला. ट्यूनरला आधीच सांगून ठेवलं होतं की एमक्यू200 गिअरबॉक्स आहे, 200 एनएमच्या वर जायचं नाही, तर त्याने 195 च्या आसपास धरलंय म्हणाला. चालवताना फरक जाणवतोय, खंबाटकी चढताना तर नक्कीच, पण मला नुसत्या जाणवण्यावर विश्वास ठेवायचा नाही, आकडे बघायचेत.

म्हणून रीमॅपच्या आधी ईएलएम327 वाल्या ब्लूटूथ डोंगलने लॉग घेऊन ठेवलेला आणि नंतर परत तसाच घेतला. दोन्ही फाइल एक्सेलमधे शेजारी शेजारी लावल्या तर इंजिन लोडचा कॉलम जवळपास सारखाच दिसतोय. फुल थ्रॉटल दिला की दोन्हीकडे 99-100 टक्के आणि पुढे तिथेच सपाट लाइन. आता आधीच 100 टक्के लोड होता तर रीमॅपने वाढवलं काय? का ट्यूनरने फक्त पेडल शार्प करून दिलंय?

दुसरं म्हणजे मित्राची ऑक्टाव्हिया 1.8 आहे, त्याच्या सॉफ्टवेअरमधे लोड 190 च्या वर दिसतो. टक्के 100 च्या वर जातातच कसे, आणि त्याच्या इंजिनवर माझ्यापेक्षा दुप्पट ताण येतोय असा अर्थ घ्यायचा का? कुणी नीट समजावून सांगेल का, लॉगमधे नेमकं काय घेऊ आणि कशाशी ताडून बघू?

चाकण_टेस्टसेल

प्रश्न अगदी बरोबर जागी आहे मित्रा, आणि ट्यूनरवर शंका घ्यायच्या आधी तू कुठला लोड लॉग केलायस ते बघ. ओबीडीमधे (डोंगल लावतो तो गाडीचा डायग्नोस्टिक पोर्ट) लोड नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बहुतेक ॲप पहिली दाखवतात.

पहिली म्हणजे पीआयडी (ओबीडीवर मागायच्या प्रत्येक आकड्याचा कोड नंबर) 04, कॅल्क्युलेटेड लोड. यात आत्ता इंजिनात जाणारी हवा भागिले त्याच आरपीएमला फुल थ्रॉटलमधे जास्तीत जास्त जाऊ शकणारी हवा असा हिशोब असतो, आणि खालच्या आकड्यात बाहेरचा दाब आणि तापमान पण धरलेलं असतं. म्हणजे तू पुण्यात असशील, महाबळेश्वरला असशील, टर्बो असेल नसेल, पाय पूर्ण दाबला की उत्तर 100 च्या आसपासच यायला पाहिजे, व्याख्याच तशी केलीय. वरून हा आकडा एकाच बाइटमधे येतो, 255 म्हणजे 100 टक्के, त्यामुळे 100 च्या वर जायला जागाच नाही. "जेवढं शक्य आहे त्यातलं किती वापरतोयस" एवढंच तो सांगतो. शक्य किती आहे हे रीमॅपने वाढवलं तरी या कॉलममधे काही दिसणार नाही.

तुला पाहिजे तो पीआयडी 43, ॲबसोल्युट लोड. ॲपच्या यादीत खाली कुठेतरी असतो, शोधून टिक कर. यात एका इनटेक स्ट्रोकला सिलिंडरमधे गेलेली हवा ग्रॅममधे घेतात आणि तिला 1.184 ग्रॅम प्रति लिटर गुणिले एका सिलिंडरची क्षमता याने भागतात. 1.184 ही 25 अंशाला समुद्रसपाटीच्या दाबाला हवेची घनता. म्हणजे सिलिंडर साध्या बाहेरच्या हवेने काठोकाठ भरला तर 100. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून 100 च्या वर जाणारच, हा दोन बाइटमधे येतो आणि टर्बो गाड्यांसाठी 400 पर्यंतची रेंज धरलेली आहे.

तुझ्या गाडीचा हिशोब फार सोपा पडतो बघ. 999 सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकाला 0.333 लिटर, तर 100 टक्के लोड म्हणजे एका स्ट्रोकला 0.394 ग्रॅम हवा. 4000 आरपीएमला तीन सिलिंडरचे मिळून सेकंदाला बरोबर 100 इनटेक स्ट्रोक होतात, म्हणून 4000 ला 100 टक्के म्हणजे 39.4 ग्रॅम प्रति सेकंद, आणि ॲपमधे 67 ग्रॅम दिसलं तर लोड 170 च्या आसपास. 4000 चीच ओळ धरून आधीचं नंतरचं ताडून बघ, डोक्यात पण हिशोब होतो.

सातारा_गॅरेज

एवढं सगळं कशाला, डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) टाक दादा. दोन रन आधी दोन रन नंतर, एनएम समोर दिसतात, विषय संपला. लॉगचे आकडे ईसीयू स्वतःच बनवतो, त्यातलं खरं किती आणि मानलेलं किती हे आपल्याला काय कळणार. मी तरी गिऱ्हाइकाला डायनोचा कागदच देतो.

मिशिगनकर_डब्ल्यूआरएक्स

मी इकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स चालवतो, 2 लिटर टर्बो, म्हणून मित्राच्या ऑक्टाव्हियाबद्दल एक सांगतो. वेगवेगळ्या कंपन्यांचा लोड वेगवेगळ्या मापात असतो आणि आकडा बघून तुलना केली की हमखास गोंधळ होतो. सुबारूवाले लोड टक्क्यात लिहीतच नाहीत, ग्रॅम प्रति रेव्होल्यूशन लिहितात, म्हणजे एअरफ्लो गुणिले 60 भागिले आरपीएम. आमच्या ग्रुपवर कुणी "2.1 लोड आला" म्हणालं तर ते टक्के नाहीत, चाकाच्या नाही इंजिनाच्या एका फेऱ्याला 2.1 ग्रॅम हवा. फोर स्ट्रोक 2 लिटर इंजिन एका फेऱ्यात 1 लिटर ओढतं म्हणून 1.18 ग्रॅम म्हणजे 100 टक्के आणि 2.1 म्हणजे साधारण 178. तुझ्या पोलोचं 100 टक्के 0.59 ला येईल. सीसीने भागल्याशिवाय दोन गाड्या शेजारी ठेवताच येत नाहीत.

आणि फोक्सवॅगन स्कोडाच्या बाबतीत अजून एक. बॉशच्या ईसीयूचा आतला जो रिलेटिव्ह लोड असतो तो 25 अंशाच्या हवेवर नाही, 0 अंश आणि 1013 मिलिबारवर नॉर्मलाइझ केलेला असतो. त्या हवेची घनता 1.293. म्हणजे तीच हवा, तोच सिलिंडर, पण बॉशच्या मापात 175 दिसेल तिथे ओबीडीच्या मापात 191 दिसेल. जवळपास 9 टक्क्यांचा फरक नुसता भागाकारातला. त्यामुळे मित्राने कुठल्या सॉफ्टवेअरमधला कुठला चॅनल काढलाय ते आधी विचार. दोघांनी एकाच डोंगलने, एकाच ॲपने, पीआयडी 43 काढला तरच बोलण्यात अर्थ आहे. ताणाचं म्हणशील तर लोड सारखा असेल तर एका लिटरमागे भरलेली हवा सारखी, मग इंजिन एक लिटरचं असो का 1.8 चं.

चाकण_टेस्टसेल

@सातारा_गॅरेज, डायनोला माझा विरोध नाही, रोजचं काम तेच आहे माझं. पण डायनो शेवटचा आकडा देतो, तो कसा आला ते सांगत नाही. 195 एनएम जास्त हवा भरून आले का टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) धोक्याच्या जवळ नेऊन आले हे त्या कागदावरून कळणार नाही, आणि डायनोचं करेक्शन कुठलं लावलंय यावर पण कागद बदलतो. ईसीयू आकडे स्वतः बनवतो हे तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच ते तपासायची पद्धत माहीत पाहिजे.

या 1.0 टीएसआयला एअरफ्लो सेन्सर नाहीच. हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि कॅमची पोझिशन यावरून काढतात. ॲपमधे ग्रॅम प्रति सेकंद दिसतं ते पण काढलेलंच. म्हणजे लोड हा ईसीयूचा अंदाज आहे, चांगला अंदाज, पण तो किती भरवशाचा आहे हे आपल्याला घरबसल्या ताडून बघता येतं. सूत्र असं आहे:

ॲबसोल्युट लोड = व्हीई × (मॅनिफोल्ड दाब ÷ 101.3) × (298 ÷ (273 + इनटेक तापमान)) × 100

दाब ॲबसोल्युट किलोपास्कलमधे, बूस्ट गेजवरचा नाही. व्हीई म्हणजे व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी, इंजिन किती नीट श्वास घेतं ते. पोर्ट, व्हॉल्व्ह, कॅम तेच असतील तर एका ठराविक आरपीएमला व्हीई फारशी हलत नाही, रीमॅपने तर अजिबात उडी मारायला नको. मग उलटा हिशोब कर. आधीच्या लॉगमधून 4000 ला व्हीई काढ, नंतरच्या लॉगमधून 4000 ला काढ. दोन्ही जवळजवळ सारख्या आल्या तर लॉग विश्वासाचा आणि वाढलेला लोड खरा. व्हीई अचानक कमी झालेली दिसली तर ट्यूनरने फिलिंगच्या मॉडेलला (सिलिंडरमधे किती हवा गेली ते काढायच्या ईसीयूच्या हिशोबाला) हात लावलाय का ते विचारायलाच पाहिजे.

हे का महत्त्वाचं ते सांगतो, कारण इथे इंजिन जातात. इग्निशनचा मॅप आरपीएम आणि लोड या दोन अक्षांवर असतो. लोड जास्त तसं टायमिंग कमी, नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) टाळायला. काही लोक लिमिटर (ईसीयूतल्या लोड, टॉर्कच्या मर्यादा) एकेक करून नीट उचलायचा कंटाळा करतात आणि मॉडेलच खाली ओढतात, म्हणजे हवा 190 ची पण ईसीयूला वाटतं 165 ची. लिमिटर आडवे येत नाहीत, गाडी पळते, लॉग पण सभ्य दिसतो. पण टायमिंग मात्र 165 च्या खान्यातून उचललं जातं, जे 190 ला परवडणारं नाही. हे पकडायला फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती टक्क्यातली दुरुस्ती) बघायचे, पीआयडी 06 आणि 07. हवा मोजणीपेक्षा जास्त असेल तर मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होतं आणि ट्रिम प्लसमधे जाऊन बसतात. रीमॅपच्या आधी 1-2 टक्के असलेला लाँग टर्म ट्रिम नंतर 10-12 वर गेला तर मी तरी ती गाडी तपासल्याशिवाय घाटात जोरात चालवणार नाही.

कोकणी_ड्रायव्हर

मधेच विचारतो, रत्नागिरीला घेतलेला लॉग आणि महाबळेश्वरला घेतलेला लॉग ताडून बघितले तर चालतील का? माझ्या टायगुनमधे वर गेल्यावर बूस्ट गेजवर जास्त दिसतं आणि ताकद तेवढीच वाटते.

चाकण_टेस्टसेल

बरोबर दिसतंय तुम्हाला. ईसीयू टॉर्कवरून लोड ठरवतो, लोडवरून लागणारा मॅनिफोल्ड दाब ठरवतो आणि तो दाब ॲबसोल्युट असतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवा 101 किलोपास्कल, पुण्यात साधारण 95, महाबळेश्वरला 86 च्या आसपास. आत 226 पाहिजेत असं धरा, तर टर्बोला रत्नागिरीत हवा 2.24 पट दाबावी लागते, पुण्यात 2.38 पट, महाबळेश्वरला 2.63 पट. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतं म्हणून आकडा वाढतो. लोड तोच राहतो पण टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते, वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) मोकळीक संपत येते. म्हणून ताडायचं तर लोडशी लोड ताडा, बूस्ट गेज नाही, आणि सोबत पीआयडी 33 म्हणजे बाहेरचा दाब नोंदवून ठेवा. समुद्रकाठी सेट केलेला स्टेज वन महाबळेश्वरला तोच लोड गाठेलच असं नाही, तिथे टर्बोची मर्यादा आधी लागू शकते, त्यात मॅपचा दोष नाही.

मिशिगनकर_डब्ल्यूआरएक्स

लॉग कसा घ्यायचा ते राहिलं. ॲपमधे वीस गोष्टी टिक करून ठेवू नकोस. साधा डोंगल एकेक पीआयडी रांगेत विचारतो, वीस घेतले तर एकाच ओळीतला आरपीएम आणि लोड वेगवेगळ्या क्षणांचे असतात, दुसऱ्या गिअरमधे तेवढ्यात 300-400 आरपीएम निघून जातात आणि मग तुझी व्हीई वेडीवाकडी येते आणि उगाच ट्यूनरवर आळ. सहाच घे: आरपीएम, ॲबसोल्युट लोड, मॅनिफोल्ड दाब, इनटेक तापमान, टायमिंग, थ्रॉटल प्लेट. कॅन (गाडीतलं डेटा नेटवर्क) असलेल्या गाडीत एका विचारणीत सहा पीआयडी मागता येतात, चांगला डोंगल आणि ॲप असेल तर ते करतात. ट्रिम क्रूझिंगला वेगळे लॉग कर, फुल थ्रॉटलमधे बघून उपयोग नाही.

इनटेक तापमान कुठल्या सेन्सरचं येतंय ते पण बघ. तुझ्या इंजिनात इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आतच आहे, पाण्याने थंड होणारा, आणि त्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. फुल बूस्टला तापमान 90-100 दिसायला लागलं तर तो कूलरच्या आधीचा आहे, तो सूत्रात घालू नकोस.

आणि मॅनिफोल्ड दाबाचा नेहमीचा पीआयडी 0बी एकाच बाइटचा आहे, 255 किलोपास्कलला थांबतो. मोठ्या टर्बोवाल्यांचे लॉग 255 ला सपाट दिसतात आणि लोक बूस्ट किती स्थिर धरलाय म्हणून खूश होतात. स्टेज वन पोलोला तिथपर्यंत जायचं कारण नाही, पण सपाट लाइन दिसली तर आधी हे आठव.

सिंहगडरोड_टीएसआय

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या लॉगमधे पीआयडी 43 नव्हता, पण ट्यूनरकडे मूळ फाइल ठेवलेली होती, त्याला विनंती करून एका सकाळी स्टॉक टाकून लॉग घेतला आणि मग परत स्टेज वन टाकून घेतला. दोन्ही एकाच मोकळ्या बंद आवारात, दुसऱ्या गिअरमधे, पेट्रोल पण तेच, टाकीत 95 ऑक्टेन. 4000 ची ओळ देतो:

स्टॉक: दाब 200, तापमान 40, लोड 171
स्टेज वन: दाब 226, तापमान 46, लोड 190

सूत्रात घातलं तर व्हीई दोन्हीकडे 0.91 येते. लाँग टर्म ट्रिम आधी 2, आता 3. म्हणजे मॉडेलला हात लावलेला नाही आणि हवा खरंच वाढलीय असं समजू ना? एक मात्र खटकलं, दाब 13 टक्के वाढला पण लोड 11 च टक्के. आणि स्टेज वनमधे 1900-2100 च्या दरम्यान लोड एकदम 196 पर्यंत उडतो, मग 3000 ला 190 वर येऊन बसतो. त्याच वेळी पेडल 100 टक्के असूनही थ्रॉटल प्लेट जरा मिटते आणि परत उघडते.

चाकण_टेस्टसेल

छान काम केलंस, अशीच तुलना पाहिजे. हो, काम स्वच्छ आहे. उरलेले 2 टक्के उष्णतेने खाल्ले, 6 अंश जास्त म्हणजे हवा तेवढी विरळ, बूस्ट वाढला की हे होतंच. लोड 11 टक्के वाढला आणि टायमिंग फार मागे गेलं नसेल तर 175 चे 195 एनएम ही गोष्ट हिशोबात बसते, ट्यूनर खरं बोललाय.

आता 2000 ची उडी. थ्रॉटल मिटते याचा अर्थ लोड मागितल्यापेक्षा जास्त झाला, वेस्टगेट वेळेत उघडला नाही आणि ईसीयूने थ्रॉटलने गळा आवळला. म्हणजे संरक्षण शाबूत आहे, लिमिटर ट्यूनरने उडवून टाकलेले नाहीत, हे चांगलं लक्षण. पण छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमधे 1500 ते 2200 हीच लो स्पीड प्री-इग्निशनची जागा आहे. तिथे पिस्टन हळू चालतो, जास्त हवा जास्त वेळ कोंडलेली राहते, आणि तेलाचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटवून देऊ शकतो. नॉक सेन्सरला हे थांबवता येत नाही कारण पेट घेतल्यावरच कळतं. म्हणून त्या पट्ट्यात लोड 3000 च्या पेक्षा जास्त असणं मला पटत नाही. ट्यूनरला हा लॉग पाठव आणि सांग की 2300 च्या खाली लोडची मागणी 165-170 वर आण आणि वेस्टगेटचा प्रीकंट्रोल (झडप किती मिटून ठेवायची याचा आधीच ठरवलेला आकडा) थोडा कमी कर, 2500 ला 190 वर पोचू दे. गाडी मंद वाटणार नाही, उलट टॉर्क सरळ चढेल आणि गिअरबॉक्सला पण तो धक्का बसणार नाही. तोपर्यंत पाचव्या सहाव्या गिअरमधे 2000 च्या खाली पाय पूर्ण दाबू नकोस, खाली गिअर टाक.

सातारा_गॅरेज

हे थ्रॉटल मिटायचं डायनोच्या कागदावर कधी दिसलं नव्हतं, तिथे नुसता छोटा खड्डा दिसतो आणि आम्ही स्मूदिंग वाढवतो. @चाकण_टेस्टसेल, माझ्याकडे एक पोलो येते, तिला ई20 टाकल्यापासून एअर फ्युएल रेशोचा आकडा वेगळा दिसतो, तो लोडच्या हिशोबात कुठे येतो का?

चाकण_टेस्टसेल

लोडच्या हिशोबात नाही येत, लोड फक्त हवेचा. पण बघताना रेशो सोडा आणि लॅम्डा (आत्ताचा रेशो भागिले त्या इंधनाचा बरोबरचा रेशो) बघा. शुद्ध पेट्रोलला 14.7 हा बरोबरचा रेशो, ई20 ला तो साधारण 13.5 वर येतो, आणि बरीच ॲप अजून लॅम्डाला 14.7 नेच गुणून दाखवतात. लॅम्डा 1 म्हणजे 1, पेट्रोल कुठलंही असो. ट्रिम मात्र ई20 ने प्लसमधे सरकतात, तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, त्यामुळे ट्रिम बघून मॉडेलवर शंका घ्यायच्या आधी टाकीत दोन्ही वेळेला एकच पेट्रोल होतं का हे गिऱ्हाइकाला विचारून घ्या.

सिंहगडरोड_टीएसआय

ट्यूनरला लॉग पाठवला, 2300 च्या खालचा भाग कमी करून देतो म्हणाला, शनिवारी बोलावलंय. नवीन लॉग इथेच टाकतो, 2000, 3000 आणि 4000 तिन्ही ओळी.